शिबिराच्या वेळापत्रकातील रिकामी जागा

(युवक विज्ञान शिबिरांच्या संयोजकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळी सुटीतील विज्ञान शिबिराचे वेळापत्रक बहुधा एकाच वळणाचे असते. सकाळी समूहगीत व श्रमदान, मग दोन बौद्धिके, दुपारी प्रयोग, रात्री करमणूक. मध्येच एखाद्या दिवशी आकस्मिक सहल निघते. धरण किंवा कारखाना पाहून शिबिरार्थी परततात, पाहुण्यांचे आभार मानले जातात आणि पुन्हा बौद्धिके सुरू होतात. सहल म्हणजे कंटाळलेल्या मुलांना दिलेला विसावा, अशीच संयोजकांची समजूत दिसते. वस्तुतः विज्ञान शिबिराचे खरे काम तिथेच सुरू व्हायला हवे.

याचे एक बिनखर्ची उदाहरण महाराष्ट्राच्या आकाशातच आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. महाराष्ट्रात यांपैकी पहिला दिवस मे महिन्यात येतो. कोल्हापुरात तो पहिल्या आठवड्यात, पुण्यात १४ मेच्या सुमारास, तर नागपुरात २६ मेच्या आसपास असतो. दुसरा दिवस पावसाळी ढगांत हरवतो. शिबिराच्या ऐन दिवसांत येणारा हा योग कोणत्याही तिकिटावाचून पाहता येतो.

समजा, पुण्याजवळच्या शिबिरात त्या दिवशी बौद्धिक मध्येच थांबवून मुलांना काठी घेऊन मैदानात नेले. ‘बारा वाजता सावली नाहीशी होईल,’ असे कोणी सांगितलेले असते. बारा वाजतात, पण सावली काही जात नाही. ती जाते साडेबाराच्या सुमारास. अशा वेळी संयोजकाने घाईने खुलासा करू नये. घड्याळ चुकले, की सांगणारा चुकला, की सूर्य, याचा वाद मुलांनाच घालू द्यावा. मग नकाशा पुढे ठेवला की उलगडा होतो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. घड्याळातले बारा हा माणसांनी सोयीसाठी केलेला करार आहे, निसर्गाचा हुकूम नव्हे, हे ज्या मुलाने उन्हात उभे राहून पाहिले, ते मूल समाजातील इतर ‘नैसर्गिक’ उतरंडींकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागते.

याच्या पुढची पायरी दोन शिबिरांनी मिळून गाठता येते. धुळे हे कोल्हापूरच्या जवळजवळ थेट उत्तरेला, नकाशावर सरळ रेषेत सुमारे ४६६ किलोमीटरवर आहे. कोल्हापुरात सावली नाहीशी होते, तेव्हा धुळ्यात एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे सात सेंटिमीटर पडते. त्यावरून सूर्यकिरणांचा कल सुमारे ४.२ अंश निघतो. ३६० अंशांत तो जवळपास ८६ वेळा मावतो. ८६ ला अंतराने गुणले की पृथ्वीचा परीघ येतो, सुमारे ४०,००० किलोमीटर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन नगरांवरून हाच हिशेब मांडला होता. दोन काठ्या, एक फूटपट्टी आणि एक दूरध्वनी, एवढ्या भांडवलावर शेतमजुराच्या मुलीला पृथ्वी मोजता येते.

मात्र इथेच एक अडचण उभी राहते. आकस्मिक सहलीला सर्वांत आधी मुकतात त्या मुली, कारण घरून परवानगी घेतलेली नसते. रात्रीच्या आकाशदर्शनाला तर त्या हमखास खोलीत राहतात. ज्याच्या खिशात भाड्याचे पैसे नाहीत, तो पोट दुखत असल्याचे सांगून मागे थांबतो. संयोजकांना उत्साहाच्या भरात हे दिसत नाही, आणि समतेच्या घोषणा देणाऱ्या शिबिरातच भेद शिरतो. म्हणून नियम असा असावा की अनपेक्षित असेल तो प्रश्न, व्यवस्था नव्हे. पालकांची संमती, वाहनाचा खर्च, पिण्याचे पाणी, मेच्या उन्हातली सावलीची जागा, मुलींसोबतच्या कार्यकर्त्या, हे सारे महिनाभर आधी ठरलेले असावे. काय दिसणार, एवढेच गुपित राहावे.

या मार्गाने पूर्वी कोणी गेलेच नाही, असे नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. शेत, ओढा, माती पाहत केलेले परिभ्रमण हा त्यातील अभ्यासाचाच भाग होता. पुढे जिल्हाभर पसरलेला तो कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. सरकारी शाळेतून जे काढून घेता येते, ते जपण्याची जबाबदारी अखेर चळवळीच्या शिबिरांवर येते.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात आले. ते कर्तव्य बौद्धिकांनी पार पडत नाही. ‘मोजून पाहू’ ही सवय ज्या मुलांना लागेल, ती उद्या बुवांचे चमत्कार तपासतील, सरकारचे आकडे तपासतील आणि प्रसंगी पक्षाच्या व्यासपीठावरून सांगितलेले आकडेही तपासतील. त्याची धास्ती वाटणाऱ्या संयोजकाने शिबिर न घेतलेले बरे. ज्याला ती वाटत नाही, त्याने वेळापत्रकात एक जागा रिकामी ठेवावी.