लाँगिनसचा चेहरा

इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरला १९२८ साली लाँगिनस या रोमन घोडेस्वाराचा समाधीदगड सापडला. मूळ गाव आजच्या सोफियाकडचं, वय चाळीस, नोकरी पंधरा वर्षं. शिल्पात घोड्याच्या टापांखाली अंग चोरून पडलेला शत्रू. पण स्वाराचा चेहराच उडालेला! रोमनांविरुद्ध उठलेल्या ब्रिटनमधल्या राणी बूडिकाच्या बंडखोरांनी इ.स. ६०-६१ मध्ये सूडापोटी तो फोडला, असं कित्येक वर्षं सांगितलं गेलं. १९९६ मध्ये त्याच जागी पुन्हा उत्खनन झालं आणि चेहरा मिळाला. घाव बहुधा १९२८ च्या खोदकामातलाच. बंडखोरांवर हा आळ उगाच आला, याचं वाईट वाटतं.

इंग्लंडमधल्याच चेस्टरला मात्र रोमन सैनिकांचे समाधीदगड मुद्दामच तटात चिणले होते. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करताना ते बाहेर निघाले. भिंतीत दडल्यामुळेच त्यांवरची अक्षरं ऊनपावसातून वाचली.