सनद नसलेला न्यायाधीश



न्यायाधीश व्हायचं तर आधी एलएलबी व्हायला हवं, हे आपण धरूनच चालतो. पण १९६७ साली भारताचे सरन्यायाधीश झालेले कैलासनाथ वांचू यांच्याकडे कायद्याची पदवी नव्हती. ते आय.सी.एस., म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी होते. इंग्रजी अमलात या नोकरीतल्या काहींना कलेक्टर कचेरीतल्या उमेदवारीनंतर न्यायशाखेत पाठवत. तिथून जिल्हा न्यायाधीश, आणि नशीब असेल तर हायकोर्ट. नोकरीच्या परीक्षांत कायदा असे, पण वकिलीची सनद कुणी विचारत नसे. साताऱ्यालाही असे एक न्यायाधीश लाभले होते: सत्येंद्रनाथ टागोर, पहिले भारतीय आय.सी.एस. आणि रवींद्रनाथांचे थोरले बंधू. १८९७ मध्ये ते निवृत्त झाले, ते साताऱ्यातूनच.

वांचूंना पदवी नव्हती म्हणून कायदा कळत नव्हता, असं मात्र कुणी समजू नये. सर्वोच्च न्यायालयातला गोलकनाथ खटलाच घ्या. त्याचा निकाल सहा विरुद्ध पाच असा लागला. मूलभूत हक्कांना संसदेनं हात लावायचा नाही, असं सहा जण म्हणाले. वांचू पाचांमध्ये होते. घटनादुरुस्तीच्या अधिकारात हे हक्कही येतात, असं त्यांचं मत. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयानं गोलकनाथचा निकाल फिरवला, फक्त घटनेच्या मूळ चौकटीचं कुंपण घातलं. म्हणजे वांचूंचं म्हणणं निम्मं तरी टिकलंच.

पदवीशिवाय न्यायाधीश होण्याची ती वाट आज बुजली आहे. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला कायद्याची पदवी लागतेच, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या वकिलीची अटही पुन्हा घातली. घटनेच्या १२४व्या कलमात विख्यात कायदेपंडिताला थेट सर्वोच्च न्यायालयात घेण्याची सोय आहे. ती आजवर कुणासाठी वापरलेली नाही. ग्राहक आयोगाचा सदस्य मात्र वाणिज्य, अर्थशास्त्र किंवा वैद्यक क्षेत्रातलाही असू शकतो.

पण सनद नसलेला खरा न्यायाधीश बघायचा असेल, तर तहसील कचेरीत जा. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा कायदा अजून जिवंत आहे; मामलतदार म्हणजे तहसीलदारच. बांधावरचा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बुजवला, तर कलम ५ खाली तहसीलदार दावा चालवतो, स्थळपाहणी करतो, अडथळा काढण्याचा हुकूम देतो. तो बी.एस्सी. ॲग्री असेल, बी.ए. असेल. जमिनीची मालकी तो ठरवत नाही, ते काम दिवाणी कोर्टाचं. वाट चालू राहिली पाहिजे, एवढंच तो बघतो.

मला यात वावगं वाटत नाही. बांध, ओढा आणि गाडीवाट ओळखायला पदवी लागत नाही. खटकतं ते वेगळंच. इंग्लंडमध्येही मॅजिस्ट्रेट म्हणून साधे नागरिक बसतात, बहुतेक फौजदारी खटले तेच निकाली काढतात. पण कायद्याचा मुद्दा आला की सांगायला कायदा शिकलेला सल्लागार कोर्टात हजर असतो. आपल्या तहसीलदाराच्या शेजारी कोण असतं? अव्वल कारकून. शिवाय पंचनामे, निवडणूक, टंचाई हे सगळं त्याच्याच डोक्यावर, त्यामुळे दाव्याला तारखेमागून तारीख पडते. त्याच्या हुकुमावर अपील नाही. फेरतपासणी होते, तीही महसूल खात्यातच वर. निदान तिथं तरी कायदा शिकलेला माणूस बसवावा.

तोवर शेतकरी श्रोत्यांसाठी एक गोष्ट. रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा. नंतर तहसीलदाराला तो घेताच येत नाही. गावकीत समजूत घालण्यात अनेकांची ही मुदत निघून जाते. अर्ज वकिली भाषेत नसला तरी चालतो. साध्या अर्जालाही दावा मानून, तुम्हाला शपथेवर विचारून राहिलेला तपशील भरून घ्यायचा, हे त्याच कायद्यानं तहसीलदारावर सोपवलं आहे.