दलाल उत्तर का देत नाही?

(अर्नाळा येथे संस्थेच्या रविवारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून काहींना हसू आले. धम्माच्या सभेत घरदलालाचे काय काम, असे एका ज्येष्ठ उपासकांनी विचारलेही. त्यांचा आदर राखून आम्ही एवढेच सांगतो की, आपल्या संस्थेकडे जे तरुण येतात त्यांतले बरेच घराच्या शोधात असतात. अर्नाळ्याचा किंवा आगाशीचा मुलगा मुंबईत नोकरीला लागतो. पहाटे एस.टी. धरून विरार गाठायचे आणि मग लोकल, हे दोन पावसाळे जमते, तिसऱ्याला जमत नाही. स्टेशनजवळ भाड्याची खोली पाहू म्हणून तो दहा दलालांना फोन करतो, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकतो. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात. उत्तर मात्र येत नाही. मग घरात म्हणतात, आपल्याला कोण देणार खोली!

हे वाक्य कधी खरे असते, कधी नसते. ते केव्हा खरे आणि केव्हा नाही, हे ओळखता आले पाहिजे, म्हणून आजचा हा प्रपंच.

प्रथम दलालाची बाजू पाहू. आम्ही बँकेत असल्याने गृहकर्जाच्या कामी ही मंडळी आमच्या टेबलासमोर बसतात, त्यामुळे त्यांचे गणित आम्हांस थोडेफार ठाऊक आहे. दलालाला पगार नाही. खोली भाड्याने गेली तर साधारण एक महिन्याचे भाडे, विक्री झाली तर किमतीच्या शेकडा एक-दोन रुपये, आणि व्यवहार मोडला तर काहीच नाही. शिवाय एकच खोली पाच दलालांकडे असते, किल्ली असते वॉचमनकडे. ज्याचे गिऱ्हाईक आधी टोकन देईल त्याची दलाली. अशा माणसाच्या फोनवर दिवसभर ‘रूम आहे का’, ‘विरारला रेट काय’ असे निरोप येत राहतात. त्यांतले निम्म्याहून अधिक नुसते विचारणारे, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. म्हणून तो ज्याच्याकडून काम होईल असे वाटते त्यालाच उत्तर देतो. यात जात नाही, वेळेचा हिशोब आहे.

तेव्हा आपली चौकशी पूर्ण असली पाहिजे. आम्ही मुलांना जो मजकूर लिहून देतो तो असा : ‘नमस्कार. मी अमुक, पूर्ण नाव. अमुक ठिकाणी नोकरी. घरात आम्ही चार माणसे. विरार पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, वन बीएचके भाड्याने हवी आहे. भाडे एवढ्यापर्यंत, डिपॉझिट एवढे, आजही तयार आहे. एक महिन्याची दलाली मान्य. करार नोंदणीकृत हवा. शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी पाहायला येऊ. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून राहायला यायचे आहे.’ बस्स. यात दलालाला विचारण्यासारखे काही उरत नाही, आणि ज्याला खरोखर खोली दाखवायची आहे तो त्याच दिवशी फोन करतो. घर विकत घ्यायचे असेल तर बँकेचे तत्त्वतः मंजुरीपत्र आधी काढून ठेवावे. ‘कर्जमंजुरी हातात आहे’ हे तीन शब्द लिहिले की तेच दलाल स्वतः फोन करू लागतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट. एकाच वेळी दहा जणांना सांगू नये. या लोकांचे आपसांत ग्रुप असतात, एकाच खोलीसाठी एकच नाव पाच बाजूंनी आले की कोणीच मनावर घेत नाही. दोघे-तिघे निवडावेत, त्यांच्या दुकानावर एकदा स्वतः जाऊन बसावे. खोली पाहून आल्यावर पसंत नसेल तर तसे कारणासह कळवावे. आपली माणसे इथे संकोच करतात. पसंत नाही म्हटले तर राग येईल, म्हणून फोनच घेत नाहीत. राग त्या न घेतलेल्या फोनाचा येतो. पुढच्या खेपेला उत्तर मिळत नाही ते याच कारणाने.

इथवर सर्व सरळ आहे. आता अवघड भागाकडे येऊ.

मजकूर पूर्ण आहे, पैसे तयार आहेत, दलाल गोड बोलतो, आणि मग विचारतो, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ किंवा ‘मूळ गाव कुठलं?’ किंवा ‘नॉनव्हेज चालतं का तुमच्यात?’ ज्या किनाऱ्यावर दारोदार मासळी वाळते तिथे हा तिसरा प्रश्न ऐकून हसावे की रडावे कळत नाही. त्यानंतर मालक गावाला गेलेले असतात, खोली कालच गेलेली असते, किंवा सोसायटीची कमिटी तयार नसते.

हे आपल्याच मनाचे खेळ, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. सारख्याच ऐपतीच्या, फक्त नावाने वेगळ्या माणसांनी घरमालकांकडे व दलालांकडे चौकशी केली. २०१५ साली ती ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. फोनवर विचारणाऱ्या सवर्ण नावांना जवळजवळ सर्वांना होकार मिळाला. दलितांपैकी शंभरात सुमारे १८ जणांना आणि मुसलमानांपैकी सुमारे ३१ जणांना सरळ नकार मिळाला. इतर अनेकांना जादा भाडे किंवा जाचक अटी घातल्या गेल्या. प्रत्यक्ष भेटीला गेल्यावर नकार आणखी वाढले.

मग आडनाव लपवावे काय? तरुण मुले आम्हांला हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारतात. काही जण वडिलांचे नावच आडनाव म्हणून लावतात, काही जण गावाच्या नावापुढे ‘कर’ जोडतात. ज्याला डोक्यावर छप्पर हवे त्याला आम्ही दोष देणार नाही. पण आमचे मत स्पष्ट आहे, नाव पहिल्याच निरोपात पूर्ण लिहावे.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन इथले शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना गावात राहायला जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते उतरले. तिथे फक्त पारशांना जागा मिळे, म्हणून नोंदवहीत पारशी नाव घालण्यात आले. पगार होता, पदवी होती, भाडे वेळेवर दिले जात होते. थोड्याच दिवसांनी हातात काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्याच दिवशी जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्य भाषेत अडचण सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे, विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा.

नाव लपवले तर नकार टळत नाही, फक्त पुढे जातो. आज करारावर आधार कार्ड लागते, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, सोसायटीला प्रत द्यावी लागते. टेम्पोत सामान भरल्यावर नकार येण्यापेक्षा तो फोनवर आलेला स्वस्त. आणि ज्याने पूर्ण नाव वाचून उत्तर दिले, तोच दलाल आपल्या कामाचा.

संशय आल्यास पडताळणी करावी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच खोलीची चौकशी करायला सांगावी. त्यालाही खोली गेली म्हणून सांगितले तर खोली खरोखर गेली, विषय संपला. त्याला मात्र किल्ली घेऊन बोलावले, तर तारीख, वेळ, निरोपांचे फोटो जपून ठेवावेत आणि संस्थेकडे यावे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहती जागा घेणे वा तीत राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. सहकारी सोसायटी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू देत नाही. पुराव्याशिवाय ही कलमे कागदावरच राहतात, म्हणून निरोप पुसून टाकू नयेत, शिवीगाळ तर मुळीच करू नये. आपल्या शेजारच्या सोपाऱ्याचे पुण्ण स्थविर सुनापरान्तास निघाले तेव्हा तिथले लोक शिव्या देतील, मारतील, हे बुद्धांनी त्यांना आधीच विचारले होते. पुण्णांनी शांतपणे उत्तरे दिली आणि ते गेलेच. शांत राहणे म्हणजे माघारी फिरणे नव्हे, एवढे त्यातून आम्ही घेतो.

आता तिसऱ्या प्रकारचे मौन, ज्याबद्दल आम्हांला सर्वांत अधिक काळजी वाटते. खोली दाखवेपर्यंत दलाल दिवसातून चार फोन करतो. आपण भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागितली की तो उत्तर देणे बंद करतो. आपल्या लोकांना वाटते, पुन्हा जात आडवी आली. नाही. इथे इमारतच आडवी आली. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून पाडल्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली. अशा इमारतींत खोली स्वस्त असते, नाव कोणी विचारत नाही, ‘बँकेची भानगडच नको, रोख द्या’ म्हणतात. इतर दारे बंद झालेला माणूस या उघड्या दारात शिरतो. आमचे सांगणे, जिथे बँक कर्ज द्यायला तयार नाही तिथे आपली आयुष्याची पुंजी का टाकावी? कागद मागितल्यावर जो दलाल गप्प होतो, त्याने न बोलताच उत्तर दिलेले असते. त्याच्या मागे लागू नये.

नव्या प्रकल्पात घर घेताना दलालाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागावा. २०२३ पासून या दलालांना महारेराची परीक्षाही ठेवली आहे. मात्र भाड्याची खोली आणि जुन्या घराची विक्री यांना ती नोंदणी लागत नाही, तिथे आपले कागद आपणच पाहायचे. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी व नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

चौकशीच्या मजकुराच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, विद्यार्थ्यांनी घेऊन जाव्यात. ज्यांनी टोकन दिले आहे पण इमारतीचे कागद पाहिलेले नाहीत, अशांनी पुढचा हप्ता देण्यापूर्वी कागद घेऊन पुढच्या रविवारी सकाळी विहारात यावे. आम्ही आणि समितीचे दोघे जण दुपारपर्यंत बसणार आहोत.

जयभीम.