जुन्या मोटारी आणि त्यांचे सोयरे

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या दिवशी गावाच्या वेशीपाशी जरा थांबले, तर एक गोष्ट ध्यानात येते. बैलांची शिंगे रंगवलेली असतात, पाठीवर झुली असतात, गळ्यात घुंगुरमाळा वाजत असतात. परंतु शेतकऱ्यांचे बोलणे या शृंगाराविषयी फारसे नसते. कोणाचा बैल किती दाती आहे, कोणाच्या बैलाचा खांदा सुजला होता आणि तो कोणत्या लेपाने उतरला, चढावर कोणती जोडी दम धरते, याच गोष्टी घोळून घोळून बोलल्या जातात. सण बैलांचा असतो, पण त्या निमित्ताने बैल सांभाळण्याची विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जात असते.

शहरातही असाच एक पोळा भरतो. त्याला पंचांगातली तिथी नाही. एखाद्या रविवारी, ऊन तापण्यापूर्वी, मोकळ्या मैदानावर पंधरा-वीस जुन्या मोटारी येऊन उभ्या राहतात. बॉनेट उघडली जातात आणि त्यांच्याभोवती माणसांचे कोंडाळे जमते. त्यांत निवृत्त अधिकारी असतो, कापडाचा व्यापारी असतो, महाविद्यालयात शिकणारा मुलगा असतो आणि हाताला ग्रीसचा वास असलेला मिस्त्रीही असतो. एरवी ज्यांची ओळख होण्याचे कारण नव्हते, अशी ही माणसे अर्ध्या तासात सोयरी झालेली दिसतात.

त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे असते. "काका, घाटात गाडी मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, हे काय असेल हो?" असे तो मुलगा विचारतो. काका हसतात आणि म्हणतात, "अरे, उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होते, मग पंप ओढणार काय? पंपावर ओले फडके टाक आणि गाडीला जरा सावलीत विसावा दे." शेजारचा मिस्त्री पुस्ती जोडतो, "आणि साहेब, ती नळी इंजिनाला चिकटून गेली आहे का, तेही बघा. दोन बोटे लांब घेतली तर फडक्याची गरजच लागणार नाही." एका प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. एक अनुभवाचे होते आणि एक कारागिरीचे. कोणत्याही छापील पुस्तकात ती इतक्या थोडक्यात सापडावयाची नाहीत.

या हौसेचा इतिहास मोटारीच्या इतिहासाइतकाच रंजक आहे. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीसाठी एकस्वाचा अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. परंतु त्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर होते. वाटेत इंधन संपले, ते त्यांनी एका औषधविक्रेत्याच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, त्यांवर चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच दुरुस्तीची ही सारी कला जन्माला आली, आणि ती एका गृहिणीच्या हातून, हे विसरता कामा नये.

इंग्लंडमध्ये तर मोटारीच्या मेळाव्याला स्वातंत्र्याच्या उत्सवाचे रूप आले. तेथे १८६५ च्या कायद्याने यंत्राने चालणाऱ्या वाहनाला गावाबाहेर ताशी चार मैल व गावात ताशी दोन मैल एवढीच मुभा होती, आणि वाहनाच्या पुढे साठ यार्डांवर एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे, असा दंडक होता. पुढे तो थोडा सैल झाला. परंतु खरी सुटका झाली ती १८९६ मध्ये. वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांवर गेली, आणि तो आनंद साजरा करण्यासाठी १४ नोव्हेंबर १८९६ रोजी काही मोटारवाले लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनला निघाले. निघण्यापूर्वी न्याहारीच्या वेळी एका उमरावाने तांबडे निशाण समारंभपूर्वक फाडून टाकले.

त्या प्रवासाची आठवण १९२७ मध्ये पुन्हा जागी करण्यात आली, आणि १९३० पासून रॉयल ऑटोमोबाइल क्लब या संस्थेने तिची व्यवस्था हाती घेतली. आजही नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सूर्योदयाच्या वेळी, लंडनच्या हाइड पार्कमधून मोटारी निघतात. १९०५ पूर्वी तयार झालेली गाडी हीच प्रवेशाची अट असते. विशेष म्हणजे ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला, याची दखल घेतली जात नाही. दुपारी साडेचारच्या आत जो ब्रायटनला पोहोचला, त्याला पदक मिळते. अंतर साठ मैलांचे. पण शंभरी ओलांडलेल्या यंत्राला तेही हिमालयाएवढे वाटते. वाटेत गाडी अडली, की मागून येणारा थांबतो आणि हात देतो. १९५३ साली 'जेनेव्हिव्ह' नावाचा एक विनोदी इंग्रजी चित्रपट याच प्रवासावर निघाला. त्यात दोन मित्र पैज लावून या सोहळ्याची शर्यत करून टाकतात आणि हास्यास्पद ठरतात.

आपल्याकडेही या हौसेने चांगलेच मूळ धरले. 'स्टेट्समन' या वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी दिल्लीत १९६४ मध्ये व कलकत्त्यात १९६८ मध्ये सुरू केली. आपल्या भागांतल्या श्रोत्यांना तर या विषयात परकेपणा वाटण्याचे कारणच नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३० च्या दशकात घडवलेली ड्यूसेनबर्ग मोटार आजही जगातल्या नामांकित गाड्यांत गणली जाते. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी मागवलेली, आत सिंहासनासारखे आसन असलेली पिवळी रोल्स-रॉइस त्यांच्या पश्चात येऊन पोहोचली. वडोदऱ्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात २०२३ च्या जानेवारीत देशभरातल्या जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. आणि गोव्यात १९६१ पूर्वी परदेशी मोटारींच्या आयातीवर भारतातल्यासारखी कडक बंधने नसल्यामुळे, तेथील जुन्या घरांच्या पडव्यांत उर्वरित देशात विरळ असलेल्या गाड्या पुष्कळ वर्षे दिसत असत.

तथापि राजवाड्यातल्या मोटारीची चिंता करण्याचे कारण नाही. तिला धनवान वाली आहे. चिंता आहे ती साध्या घरातल्या मोटारीची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली, आणि तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा सुकाणूच्या खाली, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढल्यावाचून न जागणारा तिचा स्वभाव. तिची थोरली बहीण म्हणजे १९५७ च्या सुमारास आलेली हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील अखेरच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या गाडीचा रस्त्यावरचा संसार आटोपला.

या गाड्यांतून नवरा-नवरी घरी आली, अडलेली बाळंतीण रुग्णालयात गेली, आजोबांचा अखेरचा देवदर्शनाचा प्रवास झाला. मध्यमवर्गाच्या अर्ध्या शतकाचा तो चालता इतिहास आहे, आणि याच इतिहासाला आज आधार थोडा आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांसाठी खास नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेल्या व मूळ रूपात राखलेल्या वाहनाला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते बाहेर काढता येते. नियम चांगला आहे. परंतु ज्या गाडीने पन्नाशी गाठलेली नाही, तिचे काय? पस्तीस वर्षांची पद्मिनी कायद्याच्या दृष्टीने वारसा नव्हे, ती केवळ जुनी गाडी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नवी करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. पन्नाशीला मान मिळणार हे खरे, पण पन्नाशीपर्यंत पोहोचावयाचे कसे, हाच प्रश्न आहे.

दुसरी अडचण इंधनाची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा लाभ होतो आणि परदेशी तेलाची आयात घटते, यात वाद नाही. परंतु इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या धाटणीच्या रबरी नळ्यांना व चकत्यांना मऊ पाडते. म्हणून शहाणे शौकीन नळ्या बदलतात, टाकी फार दिवस भरून ठेवीत नाहीत, आणि कोणत्या नळ्या टिकल्या हे एकमेकांना सांगतात. मेळावा भरविण्याचे एक मोठे प्रयोजन हेच.

या हौसेवर आक्षेप नाहीत असे मात्र नाही. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा अधिक धूर सोडते; शहराच्या हवेचा विचार करणाऱ्याने हे सांगितलेच पाहिजे. शिवाय या छंदात मिरवण्याचाही अंश असतो. ज्याच्या गाडीचा रंग अधिक चकाकतो तो अधिक मोठा, असे मानणारे प्रत्येक मेळाव्यात दोघेतिघे निघतातच. पहिल्या आक्षेपाला उत्तर संयमाचे आहे. महिन्यातून एक-दोनदा, इंजिन नीट जुळवून, थोडे अंतर चालविलेली गाडी ही रोज धावणाऱ्या गाडीसारखी नव्हे. आणि ज्याला रोज फिरावयाचे आहे त्याने जुन्या गाडीचा हट्ट धरू नये. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर मेळाव्याच्या रचनेत आहे. जेथे चकाकीला बक्षीस असते तेथे मिरवणूक निघते, जेथे सांभाळण्याला मान असतो तेथे शाळा भरते.

अशी शाळा भरवावयाची तर योजना कशी असावी? दिवस हिवाळ्यातला निवडावा, कारण जुन्या इंजिनाला ऊन सोसत नाही. मार्ग तीस-चाळीस किलोमीटरांहून लांब नसावा, आणि त्यात अवघड घाट नसावा. पोलिसांना आगाऊ कळवावे. मध्ये एक थांबा असा असावा की जेथे सावली, पाणी आणि गरम चहा मिळेल. कारण रेडिएटर आणि चालक दोघांचीही तहान एकाच वेळी जागी होते. प्रत्येकाने पान्हे, पंख्याचा पट्टा, प्लग, थोडी वायर व पाण्याचा डबा बरोबर घ्यावा. सर्वांत हळू गाडी सर्वांच्या पुढे असावी, म्हणजे कोणी मागे पडत नाही. आणि मिस्त्री सर्वांच्या शेवटी असावा, म्हणजे कोणी एकटा अडकत नाही.

या मिस्त्रीविषयी दोन शब्द अधिक बोलावयास हवेत. आजच्या मोटारीत दोष शोधण्याचे काम संगणक करतो. कानाने इंजिन ऐकून कोणता व्हॉल्व्ह ढिला आहे हे सांगणारा, पॉइंटमधले अंतर नजरेने जुळवणारा कारागीर आता साठी-सत्तरीत आहे. त्याची मुले दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. त्याच्याकडे लिहिलेले काही नाही. जे आहे ते बोटांत आहे. सुटे भाग शोधून मिळतात, वेळ आली तर लेथवर घडविताही येतात. पण ही बोटे घडविता येत नाहीत. गाड्या राहिल्या आणि मिस्त्री गेले, तर मागे उरेल तो केवळ रंगविलेल्या लोखंडाचा संग्रह.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या गावात असा मेळावा भरणार असेल, तर त्यात मानाची खुर्ची सर्वांत महागड्या गाडीच्या मालकाला देऊ नये. ती सर्वांत वृद्ध मिस्त्रीला द्यावी. त्याच्याशेजारी वही-लेखणी घेऊन दोन विद्यार्थी बसवावेत, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ज्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी गाडी वर्षानुवर्षे उभी आहे, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी एकदा तरी अशा मंडळींना दाखवावी. कदाचित ती चालू होणार नाही. परंतु तिचा एखादा भाग दुसऱ्या कोणाची अडलेली गाडी चालवील, आणि तिची हकीकत सांगताना घरातल्या धाकट्यांना आपल्या आजी-आजोबांचे दिवस कळतील. बैल थकला म्हणून शेतकरी त्याला पोळ्याच्या दिवशी दाराबाहेर ठेवीत नाही. त्याच्याही कपाळी गुलाल लावतो, त्यालाही पुरणपोळीचा घास देतो. आपल्या जुन्या गाडीला वर्षातून एक सकाळ देणे काही जड नाही.