विचारणं हाही उपचारच



कॅज्युअल्टीत एक बाई येते. गाल सुजलेला, कोपराखाली हात दुखतोय. "न्हाणीत पाय घसरला," नवरा सांगतो. पुढचा प्रश्न तिला विचारला तरी उत्तर तोच देतो. डॉक्टरनं इथं थबकायला हवं. घसरणारा माणूस हात टेकतो, तळवे, गुडघे खरचटतात. मार चुकवताना मात्र हात तोंडापुढं आडवा येतो, म्हणून वळ कोपराखाली बाहेरच्या बाजूला उठतात, कधी तिथलंच हाड मोडतं. ताज्या जखमेशेजारी भरत आलेली जुनी जखम दिसली, तर संशय आणखी बळावतो. गळा आवळलेला असेल, तर मानेवर खूण असतेच असं नाही. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके दिसतात. अशा बाईला गोळ्या देऊन घरी पाठवू नये. सूज नंतरही वाढते.

आणि कितीतरी जणींच्या अंगावर जखमच नसते. अंग दुखतं, झोप लागत नाही, 'चुकून' फिनेल प्यायलं गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 या काळात, लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या दर शंभरातल्या सुमारे 29 बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. म्हणजे ओपीडीच्या रांगेत त्या रोजच उभ्या आहेत.

विचारायचं एकटीला. नवऱ्याला एक्स-रेचा कागद करायला पाठवावं, सासूबाईंना बाहेर बसवावं. मग साधं बोलावं: "असा मार लागलेल्या बायका आमच्याकडे येतात. पुष्कळदा घरातल्याच कुणी हात उचललेला असतो. तुमचं तसं काही झालंय का?" ती नाही म्हणाली, तर खोदून विचारू नये, पुन्हा केव्हाही या, एवढं सांगावं. "तुम्ही काय केलं होतं?" हे मात्र कधीच विचारू नये.

हे पोलिसांचं काम, आपलं नाही, असं काही डॉक्टर म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. पोलीस चौकीत न जाणारी बाई दवाखान्यात येते. हे ओळखूनच मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं 2000-01 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. घरी जाणं धोक्याचं असेल, तर अशा बाईला देखरेखीसाठी म्हणून वॉर्डात दाखल करून घेता येतं, हे तिथल्या कामानं दाखवलं. त्या एका रात्रीत ती विचार करू शकते, माहेरी फोन लावू शकते.

केसपेपर नीट लिहिणं हेही डॉक्टरचंच काम. 'मारहाण' एवढ्यानं भागत नाही. 'नवऱ्याने सळईने मारल्याचे रुग्ण सांगते' असं तिच्या शब्दांत लिहावं. जखम कुठे, किती सेंटिमीटर, तेही. वर्षा-दोन वर्षांनी कोर्टात तो कागदच बोलतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार मदत मागणाऱ्या बाईवर दवाखान्यानं उपचार करायलाच हवेत, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला मोफत मिळते.

पण प्रत देण्याआधी तिला विचारा, घरी कुठे ठेवाल? पिशवीत तो कागद सापडला, तर पुन्हा मार बसेल. अशा वेळी प्रत दवाखान्यातच जपून ठेवावी, आणि महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घ्यावा.