विमान हुडकणारी लहर

मी इथं माइकसमोर बोलते आणि तुम्ही चुलीपाशी, गोठ्यात, शिलाई मशीनवर बसून ऐकता. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचवते ती आपल्या केंद्राची अँटेना. ती नसती तर हे बोलणं या चार भिंतींतच राहिलं असतं. अशा अँटेनांच्या अभ्यासात सारी हयात घालवलेल्या राजेश्वरी चटर्जी यांच्याबद्दल आज सांगते.

आडनाव बंगाली, ते नवऱ्याकडचं. माहेर मात्र आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं. जन्म १९२२चा. त्यांच्या आजी कमलम्मा दासप्पा म्हैसूर संस्थानातल्या पहिल्या काही पदवीधर बायकांपैकी एक. विधवा आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना शिकवायचं, हे आजींचं काम. त्यांनीच काढलेल्या शाळेत नात शिकली. पुढं बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात गणित घेऊन एम.एस्सी. झाली आणि १९४३ साली तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत विजेच्या विभागात संशोधनाला लागली.

१९४७ साली, पंचविसाव्या वर्षी, सरकारी शिष्यवृत्तीवर त्या एकट्या अमेरिकेला, मिशिगन विद्यापीठात गेल्या. मुलीचं लग्नाचं वय म्हणून घरात चर्चा व्हावी, असे ते दिवस. आपल्या गटात आजही लग्नासाठी कर्जाचा अर्ज बिनदिक्कत येतो. बारावीनंतरच्या फीसाठी मात्र मागताना जीभ अडखळते. असो. आशियातल्या मुलींसाठी तिथं बार्बर शिष्यवृत्ती होती, तीही त्यांना मिळाली. १९५३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पीएचडी घेऊन त्या परतल्या, त्या थेट बंगळूरच्या संस्थेत शिकवायला.

त्यांचा विषय सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह. रडार त्यांच्यावरच चालतं. विहिरीत हाक मारली की आवाज तळाला आपटून परत येतो ना? रडार तसंच, फक्त हाक आवाजाची नसते, लहरीची असते. ती विमानावर आपटून परत येते. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. विमान पंधरा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन तीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग! तेवढा वेळ मोजला की अंतर कळतं. विमान कुठल्या दिशेला आहे, ते अँटेना सांगते. तिचा आकार चुकला की लहर भलतीकडेच फाकते. तो आकार कसा असावा हे आधी कागदावर, गणितानं काढावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर रडार परदेशातून विकत घेता आलं असतं, पण ते समजणारी माणसं खोक्यात घालून कोण पाठवणार? ती इथंच तयार करायची होती. पती शिशिरकुमार त्याच संस्थेत प्राध्यापक. दोघांनी मिळून सूक्ष्मलहरींची प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी देशात असं काम नवंच होतं. तिथलं संशोधन रडारला आणि संरक्षणाच्या कामांना उपयोगी पडलं. राजेश्वरीबाईंच्या हाताखाली वीस जणांनी पीएचडी केली. त्यांनी शंभरावर शोधनिबंध लिहिले, विभागाच्या प्रमुखही झाल्या. सैनिकाचा गणवेश काही त्यांनी घातला नाही. खडू आणि फळा, एवढंच हत्यार.

१९८२ साली निवृत्त झाल्यावर त्या बायकांच्या प्रश्नांकडे वळल्या, सामाजिक कामात रमल्या. २०१० साली त्या गेल्या. त्यांची मुलगी इंदिरा अमेरिकेत नेवाडा विद्यापीठात प्राध्यापक झाली. तिचाही विषय इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच.