पाटे वाढले, ब्रेक तेच

दसरा-दिवाळी झाली की आपल्या तेलगाव भागातून कोयते ऊसतोडीला निघतात. अख्खं बिऱ्हाड मावावं म्हणून पिकअपला मागं जादा पाटे टाकतात. गाडी मागून उचलते, भरल्यावर दबत नाही. मग वाटतं, आता कितीही भरा! पण पाट्यानं फक्त स्प्रिंग कडक होते. ब्रेक, टायर, एक्सल तेच राहतात. आरसी बुकातली वजनाची मर्यादाही तीच. उंच भरलेली गाडी वळणावर लवकर कलंडते. अन् सामानावर बसलेल्या असतो आपणच, मांडीवर लेकरं घेऊन. मालगाडीत माणसं नेणं कायद्यालाही मंजूर नाही. म्हणून उचल घेतानाच मुकादमाला सांगू या: बिऱ्हाड पिकअपमध्ये, माणसांना वेगळी गाडी.